पटावरची समता : मराठी खेळपरंपरा आणि ऑनलाइन खेळांतील विकतचे बळ

प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील वाटूर हे मराठवाड्यातील इतर अनेक गावांसारखेच एक गाव होय. १ मे १९८१ रोजी जालना जिल्ह्याची निर्मिती होण्यापूर्वी परतूर तालुका परभणी जिल्ह्यात समाविष्ट होता आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा प्रदेश हैदराबादच्या निजामी राज्याचा भाग होता. राजवट बदलली, जिल्हा बदलला. परंतु या परिसरातील मुलांचे खेळ दीर्घकाळ फारसे बदलले नाहीत. विटीदांडू, लगोरी, सूरपारंबी, आट्यापाट्या, हुतुतू आणि पावसाच्या दिवसांत ओसरीवर मांडलेला चिंचोक्यांचा अथवा सोंगट्यांचा डाव हे खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. त्यांना भांडवल लागत नसे. दांडू बाभळीचा, चिंचोके घरचे आणि मैदान गावाचे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली आणि त्यानंतर मोबाइलवरील डेटा इतका स्वस्त झाला की, ऑनलाइन खेळ हा शहरातील सुखवस्तू घरांपुरता विषय राहिला नाही. वाटूरसारख्या गावातील विद्यार्थी आणि मुंबईतील त्याच्याच वयाचा विद्यार्थी आता एकाच वेळी एकाच आभासी मैदानात उतरू शकतात. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ही लहान घटना नव्हे. मात्र मैदान एक झाले म्हणून दोघांच्या हातातील शस्त्र एकसारखे असतेच असे नाही. अनेक खेळ फुकट मिळतात आणि खेळाच्या आतच एक दुकान असते. त्या दुकानात दहा-वीस रुपयांपासून हजारो रुपयांपर्यंतच्या वस्तू विक्रीस असतात. त्यांतील काही केवळ शोभेच्या असतात, तर काही घेणाऱ्याचे बळ प्रत्यक्ष वाढवितात. या दुसऱ्या प्रकाराला खेळाडूंच्या बोलीत 'पे टू विन' म्हणजे 'पैसे मोजा आणि जिंका' असे नाव आहे. प्रस्तुत लेखात त्यास 'विकतचे बळ' असे म्हटले आहे.

ज्या ऑनलाइन बहुखेळाडू खेळात विकतचे बळ नाही असा खेळ ओळखावा कसा, हा प्रश्न वरवर पाहता तंत्रज्ञानाचा वाटतो. परंतु खेळात पैशाने नेमके कोठे उभे राहावे, याविषयी आपल्या समाजाने पूर्वी काय ठरविले होते हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर नीट सापडत नाही. म्हणून येथे या प्रश्नाचा विचार इतिहासाच्या अंगाने केला आहे.

वेरूळचा पट आणि द्यूताचा पैसा

मराठवाड्यातील खेळाचा सर्वांत ठळक शिल्पपुरावा वेरूळ येथे आहे. तेथील १४, २१ आणि २९ या क्रमांकांच्या लेण्यांत शिव-पार्वती फाशांचा खेळ खेळत असल्याचे शिल्पपट आहेत. पटाच्या दोन बाजूंना दोघे बसलेले आहेत, भोवती परिवार आहे, खाली नंदीची खोडी काढणारे गण आहेत. शिल्पकाराचा हेतू अर्थातच खेळाचे नियम सांगण्याचा नव्हता. तरीही या दृश्यातून एक गोष्ट सहज लक्षात येते. पटावर बसल्यावर महादेवालाही फाशाने जे दान दिले तेच घ्यावे लागते. पटाबाहेरचे सामर्थ्य पटावर चालत नाही, आणि म्हणूनच पार्वतीला जिंकण्याची शक्यता उरते.

याचा अर्थ प्राचीन खेळ पैशापासून अलिप्त होते असा मुळीच नाही. द्यूत हा तर पैशाचाच खेळ. महाभारताच्या सभापर्वातील प्रसंग सर्वांना ज्ञात आहे. परंतु त्यातील एका तपशिलाकडे सहसा दुर्लक्ष होते. पण लावणारा दुर्योधन होता आणि फासे टाकणारा शकुनी. धन एकाचे आणि हात दुसऱ्याचा, हा प्रकार युधिष्ठिराला खटकतो आणि एकाने दुसऱ्याकरिता खेळणे विषम होय असा आक्षेप तो घेतो. आक्षेप घेऊनही तो खेळावयास बसतो, ही गोष्ट वेगळी. येथे आक्षेपाचे स्वरूप महत्त्वाचे आहे. युधिष्ठिराची तक्रार पणाच्या रकमेबद्दल नाही. श्रीमंताने आपल्या धनाच्या जोरावर दुसऱ्याचे कौशल्य पटावर आणून बसविले, याबद्दल आहे. खेळात बाहेरून आणलेल्या बळाविरुद्धचा हा आपल्या वाङ्मयातील एक जुना आक्षेप मानावयास हरकत नाही.

मराठी गद्याच्या आरंभकाळातील 'लीळाचरित्र' या ग्रंथातही द्यूताचा प्रसंग येतो. चक्रधरस्वामींच्या पूर्ववृत्तात राजपुत्र हरिपाळदेव जुगारात हरतात, देणे फेडण्यासाठी पत्नीकडे दागिने मागतात आणि ती ते देण्यास नकार देते. या नकारातून त्यांच्या मनात वैराग्याचे बीज पडले असे परंपरा मानते. जुगाराने घर बुडते हे तेराव्या शतकातील समाज पुरेपूर जाणून होता. परंतु या कथेतही पैसा पटाच्या शेजारी आहे, पटाच्या आत नाही. हरिपाळदेवांनी कितीही दागिने आणले असते तरी त्यांना अधिक चांगला फासा मिळाला नसता.

गंजिफा : शोभा आणि शक्ती

विकतचे बळ आणि विकतची शोभा यांतील भेद समजून घेण्यास गंजिफासारखे दुसरे उदाहरण नाही. दक्षिण कोकणातील सावंतवाडी संस्थानात दशावतारी गंजिफा तयार होत असत. वर्तुळाकार पाने, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. पाच रंगांत दहापासून एकाकडे पानांची किंमत उतरत जाते, तर उरलेल्या पाच रंगांत हा क्रम उलटा होतो. लक्षात ठेवण्यास कठीण असा हा खेळ स्मरणशक्तीची कसोटी पाहत असे. विसाव्या शतकात ही कला लोपण्याच्या मार्गावर असताना सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात तिला पुन्हा आधार दिला, हे येथे नमूद करणे उचित होईल.

गंजिफांच्या जोडांत किमतीची मोठी तफावत असे. राजेरजवाड्यांसाठी हस्तिदंती पाने बनत आणि सामान्यांसाठी कागद वा कापडाच्या थरांवर लाखेचे काम केलेली साधी पाने बनत. पहिल्यांना 'दरबारी', दुसऱ्यांना 'बाजारी' कलम म्हणत. धनाचे प्रदर्शन येथे भरपूर होते, आणि त्यास कोणाचा आक्षेपही नव्हता. मात्र हस्तिदंती पानावरचा मत्स्यराजा आणि कागदी पानावरचा मत्स्यराजा यांची खेळातील किंमत तंतोतंत एकच होती. शिवाय खेळ एकाच जोडाने होत असल्यामुळे श्रीमंताच्या घरी खेळावयास आलेल्या पाहुण्यालाही हस्तिदंती पानेच वाटली जात. आजच्या ऑनलाइन खेळांत पोशाख, रंग, नक्षी अशा केवळ शोभेच्या वस्तू विकणे न्याय्य मानावे की नाही, असा वाद अधूनमधून होतो. गंजिफाचा इतिहास पाहता शोभेची विक्री ही काही नवी विकृती नव्हे असेच म्हणावे लागते.

बुद्धिबळाच्या बाबतीत तर मराठी भाषेने खेळाच्या नावातच निवाडा देऊन ठेवला आहे. संस्कृतातील 'चतुरंग' हे नाव सैन्याच्या अंगांवरून आले. मराठीने मात्र बळ बुद्धीचे असे सांगणारे नाव स्वीकारले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्री या विद्वानाने या खेळावर संस्कृतात ग्रंथरचना केली आणि तिचे इंग्रजी रूप १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. पेशवाईचा शेवट चार वर्षांवर आला असताना बुद्धिबळावरचे पुस्तक मुंबईच्या छापखान्यातून बाहेर पडावे, हा योगायोग मोठा बोलका आहे. राज्य जिंकण्या-हरण्याच्या खेळात तोफा आणि खजिना यांची विषमता निर्णायक ठरली. चौसष्ट घरांच्या पटावर मात्र पेशव्यालाही सोळाच मोहरी मिळत.

नियम लिहिले जाऊ लागले तेव्हा

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात देशी खेळांना लेखी नियमांत बांधण्याचे कार्य सुरू झाले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम तयार करण्यास प्रारंभ केला. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३५ मध्ये खो-खो आणि आट्यापाट्या यांची नियमावली प्रसिद्ध केली. या चळवळीकडे आपण सामान्यतः राष्ट्रीय वृत्तीच्या अंगाने पाहतो आणि ते योग्यच आहे. परंतु नियमावलीचे दुसरे कार्य फारसे लक्षात घेतले जात नाही. नियम लिहिणे म्हणजे विषमता कोठवर चालेल याची मर्यादा ठरविणे होय. मैदानाची लांबी-रुंदी, खेळाडूंची संख्या, डावाचा कालावधी, हुतुतूत वजनाचे गट, या सर्वांचा हेतू मैदानाबाहेरचे सामर्थ्य मैदानात कमीत कमी यावे हाच होता.

याबाबतीत कॅरमचे उदाहरण विशेष उद्बोधक आहे. मुंबईच्या चाळींपासून मराठवाड्यातील तालुक्याच्या गावांपर्यंत हा खेळ पसरलेला आहे. बोर्ड सहसा मंडळाचा किंवा कुणाच्या तरी घरचा असतो. परंतु नियमित खेळणारे आपापला स्ट्रायकर खिशात बाळगतात. म्हणजे येथे खेळाडूला स्वतःचे साधन आणण्याची मुभा आहे आणि पैसेवाल्याला चांगले साधन घेता येते. मग समता कशी राखली जाते? नियमाने स्ट्रायकरचे वजन १५ ग्रॅमपेक्षा आणि व्यास ४.१३ सेंटिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. या मर्यादेच्या आत ज्याला जो मानवेल तो त्याने वापरावा. महागडा स्ट्रायकर हाताला गुळगुळीत लागेल, दिसावयास देखणा असेल. पण तो सोंगटीवर दुप्पट जोराने आदळणार नाही.

आता याच खेळाचे मोबाइलवरील एक अत्यंत लोकप्रिय रूप पाहावे. 'कॅरम पूल' या खेळात दोन अनोळखी व्यक्ती ऑनलाइन समोरासमोर येतात. प्रत्येक स्ट्रायकरला जोर, नेमाची रेषा असे गुण दिलेले असतात आणि वरच्या दर्जाच्या स्ट्रायकरचे गुण अधिक असतात. ते खेळून हळूहळू मिळविता येतात आणि पैसे मोजून लवकर मिळविता येतात. ज्याची नेमाची रेषा लांब त्याला सोंगटी कोठे जाईल हे अगोदर अधिक दूरवर दिसते. ओट्यावरच्या खेळात हे कौशल्य बोर्डावर अनेक संध्याकाळी घालवून येत असे. आभासी कॅरममध्ये त्याचा काही भाग दुकानात ठेवला आहे. पटाचे रूप तेच, सोंगट्या त्याच, राणीही तीच. मात्र पंधरा ग्रॅमची मर्यादा नाहीशी झाली. परंपरेतील खंड तो हाच.

कायद्याची नजर कोठे होती

खेळ आणि पैसा यांच्या संबंधाविषयी कायद्याने बराच विचार केला आहे, पण तो एकाच दिशेने. मुंबई इलाख्यासाठी १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा झाला आणि निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्याच्या तेराव्या कलमाने सूट दिली. वाटूर ज्या प्रदेशात येते तेथे मुंबईचा कायदा लागू नव्हता. तेथे निजामी राज्याचा १३०५ फसलीचा, म्हणजे सुमारे १८९५-९६ चा, जुगारविषयक कायदा होता. याच हैदराबादच्या कायद्याखालील एक प्रकरण आंध्र प्रदेशातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६७ मध्ये न्यायालयाने रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. तत्पूर्वी १९५७ मध्ये मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या खटल्यात शब्दकोड्यांच्या स्पर्धांच्या निमित्ताने कौशल्य व नशीब यांतील सीमारेषा आखली गेली होती. हेच दोन निकाल पुढे ऑनलाइन रमी चालविणाऱ्यांच्या बाजूने वारंवार पुढे केले गेले.

या सर्व विचारात कायद्याने विचारलेला प्रश्न एकच होता, तो म्हणजे पणाला लावलेला पैसा कौशल्याने जिंकला जातो की नशिबाने. पैसा देऊन खेळातले बळच विकत घेता येईल, ही कल्पना १८८७ च्या किंवा १३०५ फसलीच्या कायदा करणाऱ्यांच्या मनात येणे शक्यच नव्हते. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याचीही दृष्टी बव्हंशी तीच राहिली. या कायद्याने कौशल्य-नशीब हा जुना भेद बाजूला ठेवून पैसे लावून पैसे जिंकण्याच्या सर्वच ऑनलाइन खेळांना मनाई केली, ई-क्रीडेला मान्यता दिली आणि पैशाचे बक्षीस नसलेल्या खेळांना 'सामाजिक खेळ' असे वेगळे स्थान दिले. ज्या खेळात पैसे जातात पण परत येण्याची अपेक्षाच नसते, तो जुगार ठरत नाही. त्यामुळे विकतचे बळ या कायद्याच्या मुख्य रोखाबाहेर राहते. अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ग्राह्य नसतो, हे खरे. परंतु वडिलांच्या मोबाइलवरून मुलाने केलेल्या पन्नास रुपयांच्या खरेदीसाठी कोणी न्यायालयाची पायरी चढेल असे वाटत नाही.

सप्टेंबर २०२० मध्ये 'पब्जी मोबाइल' आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर' या खेळांवर भारतात बंदी आली, तेव्हा अनेक पालकांना समाधान वाटले. त्या बंदीचे कारण मात्र देशाची सुरक्षा आणि नागरिकांच्या माहितीची गोपनीयता हे होते. मुलांचा पैसा वा खेळातील न्याय याचा त्या निर्णयांशी संबंध नव्हता.

नाण्यापासून पेटीपर्यंत

यंत्रावरच्या खेळात पैसा प्रथम दारापाशी होता. १९८० आणि १९९० च्या दशकांत शहरांतील व्हिडिओ गेमच्या दुकानांत नाणे टाकले की खेळ सुरू होई. हरला की पुन्हा नाणे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले आणि पुढील दशकात सायबर कॅफे उघडले. तेथे तासाचे भाडे देऊन मुले 'काउंटर-स्ट्राइक'सारखे खेळ संगणक जोडून खेळत. ज्याच्या खिशात पैसे नाहीत तो आत येऊ शकत नसे, हा अन्यायच होता. पण जो आत आला त्याला दुसऱ्याइतकीच बंदूक मिळे.

दुकान दारातून आत सरकले ते पूर्व आशियात. दक्षिण कोरियातील नेक्सॉन या कंपनीने या शतकाच्या आरंभी प्रवेश विनामूल्य ठेवून खेळातील वस्तू विकण्याची पद्धत रूढ केली. चीनमध्ये २००६ साली आलेल्या 'झेडटी ऑनलाइन' या खेळाने तर श्रीमंत खेळाडू हेच आपले गिऱ्हाईक मानले आणि फुकट खेळणारे जनसामान्य हे त्या श्रीमंतांना हरविण्यासाठी लागणारे सैन्य ठरविले. ही योजना क्रूर वाटते. आर्थिकदृष्ट्या ती अत्यंत यशस्वी ठरली. फुकट खेळणाऱ्याची उपस्थिती हाच विक्रीचा माल झाला.

याविरुद्धचा प्रवाहही त्याच काळात दिसतो. व्हाल्व्ह कंपनीने २०११ मध्ये 'टीम फोर्ट्रेस २' विनामूल्य केला, तेव्हा त्यात टोप्यांची विक्री गाजली. २०१३ च्या 'डोटा २' मध्ये सर्व पात्रे सर्वांना प्रथमपासून खुली ठेवून केवळ पोशाख विकण्याचे धोरण ठेवले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या खेळात बळ वाढविणाऱ्या पेट्या विकण्याचा बेत खेळाडूंच्या संतापामुळे प्रकाशनाच्या आदल्या दिवशी स्थगित करावा लागला आणि २०१८ मध्ये तेथे केवळ शोभेच्या वस्तूंची विक्री सुरू झाली. एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमने काही खेळांतील अशा पेट्यांना जुगार ठरविले. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. पेटीत काय निघेल हे ठाऊक नसताना ती विकणे हा एक दोष आणि बळ विकणे हा दुसरा. 'काउंटर-स्ट्राइक'च्या नव्या आवृत्त्यांत पहिला दोष आहे, दुसरा नाही. पालकांनी व शिक्षकांनी या दोहोंची गल्लत करू नये.

शोध कसा घ्यावा

या पार्श्वभूमीवर मूळ प्रश्नाकडे वळता येते. खेळाच्या जाहिरातीत 'विनामूल्य' आणि 'न्याय्य' हे दोन शब्द सर्रास असतात. त्यांच्यावर विसंबून चालत नाही. पाहावयाचे ते दुकान. विक्रीच्या वस्तूशेजारी जोर, वेग, नुकसान, नेम, आयुष्य असा आकडा दिलेला असेल तर ती वस्तू शोभेची नाही. 'फ्री फायर' या खेळात बंदुकांच्या अनेक आवरणांना असे वाढीव गुण जोडलेले होते. 'पब्जी मोबाइल' आणि २ जुलै २०२१ रोजी आलेली त्याची भारतीय आवृत्ती 'बीजीएमआय' यांत आवरणे मुख्यतः देखाव्याची राहिली. दोन्ही खेळ एकाच प्रकारचे, दोन्हींत शेवटपर्यंत टिकून राहावयाचे. तरीही या एका बाबतीत त्यांच्यात हस्तिदंती गंजिफा आणि वजनदार स्ट्रायकर यांच्याइतके अंतर होते.

दुसरी खूण अधिक विश्वासार्ह आहे, कारण ती कंपन्यांच्या स्वतःच्या वर्तनातून मिळते. गंभीर स्पर्धा भरवावयाची वेळ येते तेव्हा खेळ चालविणारे काय करतात हे पाहावे. 'क्लॅश रोयाल' या २०१६ च्या खेळात पानांची पातळी वाढवीत न्यावी लागते आणि पैसे खर्च करणारा लवकर वर जातो. पण त्याच खेळातील विशेष आव्हानांत व स्पर्धांत सर्वांची पाने एका ठरावीक पातळीवर आणली जात. 'फ्री फायर'मध्येही खासगी सामना भरविताना बंदुकांचे वाढीव गुण बंद ठेवण्याची सोय होती. खरा सामना घ्यावयाचा तर विकतचे बळ बाजूला ठेवावे लागते, ही कबुली यापेक्षा स्पष्ट शब्दांत मिळणे कठीण. जेथे अशी सोय मुळात लागतच नाही तो खेळ निर्वेध समजावा.

'लुडो'चा विचार येथे टाळता येत नाही. पच्चिसीवरून इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बेतलेला हा खेळ २०१६ मध्ये नवी मुंबईतील गेमेशन कंपनीच्या 'लुडो किंग'च्या रूपाने मोबाइलवर आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोहोचला. गावी अडकलेले आजोबा आणि पुण्यात अडकलेली नातवंडे त्या काळात एका पटावर बसू शकली, हे त्या खेळाचे ऋण मान्य केले पाहिजे. फासा सर्वांना सारखा असणे हाच त्याचा आधार. त्याच लुडोचे पैसे लावून खेळावयाचे दुसरे रूप बाजारात आले, तेव्हा २०२१ मध्ये हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे गेले. पट तोच होता; पैशाची जागा बदलली होती.

विकतच्या बळापासून संपूर्णतः मुक्त अशा ऑनलाइन बहुखेळाडू खेळाचे सर्वांत निःसंदिग्ध उदाहरण मात्र पुन्हा बुद्धिबळातच सापडते. फ्रान्समधील थिबो ड्युप्लेसी या संगणकतज्ज्ञाने २०१० मध्ये सुरू केलेले 'लिचेस' हे स्थळ देणग्यांवर चालते. त्यावर जाहिराती नाहीत, त्याची संगणकीय संहिता सर्वांना खुली आहे आणि सराव, विश्लेषण, स्पर्धा यांपैकी काहीही पैशाच्या मागे कुलूपबंद नाही. देणगी देणाऱ्याला काय मिळते? त्याच्या नावाशेजारी पंखाचे एक लहानसे चिन्ह. त्याच्या घोड्याला पंख फुटत नाहीत. 'चेस डॉट कॉम' या व्यापारी स्थळावर पाठ, कोडी व विश्लेषण यांसाठी वर्गणी घेतली जाते. तेथेही सामन्यातील मोहरी सारखीच असतात, परंतु शिकण्याची साधने वर्गणीदाराला अधिक मिळतात. ही विषमता कॅरमच्या महाग बोर्डासारखी आहे, वजनदार स्ट्रायकरसारखी नाही.

महाराष्ट्रासाठी या उदाहरणाचे महत्त्व अधिक आहे, कारण येथे बुद्धिबळाची परंपरा जिवंत आहे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून अनेक दशके स्पर्धा भरविल्या. १९७४ मध्ये पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली; त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांनी ती परंपरा पुढे नेली. रोहिणी यांनी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश केला तेव्हा त्यावर आक्षेप घेण्यात आला होता, आणि अखेर जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी स्त्री-खेळाडूला मज्जाव करता येणार नाही असे स्पष्ट केले. जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी जॉर्जियातील बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकला. या पातळीवर पोहोचण्यास प्रशिक्षक, प्रवास आणि प्रवेशशुल्क यांचा मोठा खर्च येतो, हे विसरून चालणार नाही. समान मोहऱ्यांनी सर्व विषमता संपते असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. ती पटाच्या बाहेर राहते इतकेच.

हे 'इतकेच' ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने थोडे नाही. समान साधनांच्या खेळात हरलेला मुलगा आपली चाल कोठे चुकली हे शोधतो. डाव पुन्हा मांडून पाहतो. विकतच्या बळाच्या खेळात हरलेल्या मुलाला आपण कमी पडलो की आपला बाप, हे कळण्यास मार्ग नसतो. दुकान त्याला त्याच क्षणी दुसरे उत्तर सुचविते आणि सवलतीची मुदतही दाखविते. शेतमालाच्या भावावर वर्षाचे गणित अवलंबून असणाऱ्या घरात ती सवलत घेतली तरी अडचण आणि न घेतली तरी मुलाच्या मनात सल.

व्यवहाराच्या दृष्टीनेही बुद्धिबळाचा पट गावाला मानवणारा आहे. बंदुकांच्या मोठ्या खेळांना बरीच जागा, वेगवान जाळे आणि नवा मोबाइल लागतो. तो परवडणे हेही एक प्रकारचे विकतचे बळच असते. बुद्धिबळाची एक चाल म्हणजे काही अक्षरांचा मजकूर. जुन्या मोबाइलवर, संथ जाळ्यावरही ती पोहोचते. शाळेत एकच संगणक असला तरी मुले गटाने बसून दुसऱ्या शाळेशी डाव मांडू शकतात. आणि वीज गेलीच, तर तोच अर्धा राहिलेला डाव पुठ्ठ्याच्या पटावर पुढे चालू ठेवता येतो. मोहरी दोन्हीकडे सोळाच असतात.